ज्यानं जोडली त्याची

पूल खचला तेव्हा एक शेळीसुद्धा खाली पडली नाही. थोडक्यात निभावलं, असं सगळे म्हणाले. डोंबलाचं निभावलं! मधला खांब हातभर खाली बसला आणि सरकारी माणसं येऊन पुलाच्या दोन्ही तोंडांना लोखंडी खांब पुरून गेली. चालत जा, नाहीतर दुचाकी न्या. बस बंद, ट्रक बंद. दुरुस्ती कधी, तर होईल. साहेब ‘होईल’ म्हणाला की आपण आशा सोडून कामाला लागावं, एवढं मला या वयात कळतं.

आठवीपासूनची शाळा पुलाच्या पलीकडे, बारा किलोमीटरवर. गावातली चौदा पोरं तिथं जायची, त्यात आमची एक. तिची उंची बापाच्या वर गेली, म्हणून सगळे तिला शिडी म्हणतात. बस थांबली तशी महिनाभर पोरं चालत गेली. परत येईपर्यंत पाय सुजायचे, जेवता जेवता झोपायची. मग एक घरी बसलं, मग दुसरं, मग तिघं एकदम. शेवटी शिडी एकटी उरली, आणि एकट्या पोरीला मी तेवढ्या रस्त्यावर सोडणार नव्हते. तिनं पुस्तकं एका फडक्यात बांधून कपाटावर ठेवली. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आमचे हे सायकल मिस्त्री. म्हणजे होते. गावात सायकली होत्या तोवर चौकात दुकान होतं, मग मोटरसायकली आल्या आणि दुकान गेलं. हे कंत्राटदाराच्या यार्डात लोखंड घासायला लागले. पण खोड गेली नाही. कुठंही चाक दिसलं की बोटानं फिरवून बघणार. एकदा मयतीला गेलो होतो, तर तिथंही भिंतीला टेकलेल्या सायकलचं चाक फिरवत बसले. मी चिमटा काढला तेव्हा भानावर आले.

तर एका रविवारी मास्तर आमच्याकडे आले. मास्तर म्हणजे गावातल्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, एकटा जीव. गुरं विकल्यापासून त्यांचा गोठा रिकामा पडला होता.

“मिस्त्री,” ते म्हणाले, “गावोगाव भंगारात सायकली पडल्यात. गोळा करू. माझा गोठा घ्या. पोरांना हाताशी घेऊन सायकली उभ्या करा. दुकान गावाचं, नफा कुणाचाच नाही. पोरांनी शाळेत जायचं आणि संध्याकाळी सायकल आणून गोठ्यात लावायची.”

“लावायची नाही,” हे म्हणाले. एरवी मास्तरांपुढं यांचं तोंड उघडत नाही. “ज्यानं जोडली त्याची. दिली म्हणजे दिली.”

लहानपणी यांच्या मामानं यांना सायकल दिली होती आणि आठ दिवसांनी मामी येऊन घेऊन गेली होती. एवढा मोठा घोडा झाला तरी माणसाच्या मनातून ती सायकल जात नाही.

मी आतून ओरडले, “घरात सांजेला काय शिजवायचं याची पंचाईत, आणि निघाले फुकटचं दुकान काढायला! मास्तर, तुम्हाला काय, ना पोर ना बाळ. यांना कशाला हरभऱ्याच्या झाडावर चढवता?”

“वहिनी, तुमच्याच लेकीसाठी म्हणतोय.”

शिडी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. नुसती बापाकडे बघत होती. गेल्या दोन महिन्यांत तिचा चेहरा असा दिसला नव्हता. मी चुलीकडे वळले.

भंगार गोळा करायला हातगाडी घेतली. हे पुढून ओढायचे, मी आणि शिडी मागून ढकलायचो. उन्हाळा असा की गाडीच्या लोखंडाला हात लावला की चटका बसायचा. पुलाअलीकडची पाच गावं आम्ही रविवारी रविवारी पालथी घातली. कुणी नुसती रिम द्यायचं, कुणी गंजलेली फ्रेम, कुणी हँडल. एका म्हातारीनं नवऱ्याची सायकल दिली आणि गाडी वळणापर्यंत जाईतो दारात उभी राहिली.

कंत्राटदाराच्या बायकोचं मात्र विसरणार नाही. तिच्या माळ्यावर तीन सायकली होत्या. “घेऊन जा,” म्हणाली, “पण माळा साफ करून जा.” आम्ही सकाळपासून दुपारपर्यंत माळा झाडला. उंदरांच्या लेंड्या, फुटक्या बरण्या, कबुतरांची पिसं. शेवटी सायकली खाली आणल्या तर ती आतल्या कुणाला तरी म्हणाली, “भंगारवाल्यांना पाणी द्या गं, बाहेरच्या नळाचं.” हे तिच्याच नवऱ्याच्या यार्डात रोज घाम गाळतात, आणि हिला तोंडसुद्धा ओळखीचं नाही! मी काहीतरी बोलणार होते. यांनी माझ्याकडे बघितलं आणि हलकेच ‘नको’ अशी मान हलवली. मी ते पाणी प्यायले. तहान लागली होती.

गोठ्याचं दुकान झालं. गव्हाणीत स्पोक, नट आणि छर्रे, दावणीच्या खुंट्यांना रिमा, आढ्याला दोरीनं टांगलेल्या फ्रेमा. पत्र्याखाली अशी धग की दुपारी आत बसवत नव्हतं, तरी पोरं हलायची नाहीत. तेराच्या तेरा पोरं आली, आणि शिडी चौदावी. यार्डातून सुटले की हे घरी न येता परस्पर गोठ्यात जायचे. जेवणाचा डबा मी तिथं न्यायची आणि नेताना शिव्या देत न्यायची. पण खरं सांगू का, दारात जरा थांबून बघायचीही.

यांचं शिकवणं म्हणजे बोलणं कमी. पोराच्या हातात चाक द्यायचं आणि म्हणायचं, “फिरव. कुठं डुलतं ते बघ.” चाक डुलतं त्याला हे लोक आऊट म्हणतात. जिथं डुलेल तिथला स्पोक पाव फेरा आवळायचा, समोरचा पाव फेरा सोडायचा. पुन्हा फिरवायचं. आऊट निघाल्याशिवाय सायकल गोठ्याबाहेर काढायची नाही. वीटभट्टीवाल्या शेजारणीचा पोरगा होता, दिवसभर अखंड बडबडायचा म्हणून गप्प्या. तो चाक समोर धरून बसला की तासभर चिडीचूप. त्याची आई म्हणाली, “मिस्त्री, काय औषध दिलंत हो याला?”

शाळा उघडली त्या दिवशी चौदा सायकली पुलावरून गेल्या. एकीचं पुढचं चाक मोठं, मागचं लहान. एकीला निळं मडगार्ड आणि लाल हँडल. गप्प्याच्या सायकलला सीटच्या जागी गोणपाटाची गादी. पूल ओलांडेपर्यंत घंट्या वाजत होत्या. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. हे पोरांच्या मागच्या चाकांकडे बघत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही.

असं दीड महिना चाललं. मग शाळेतून निरोप आला, कसल्याशा फॉर्मवर पालकाची सही पाहिजे. यांना यार्डातून सुट्टी मिळेना, म्हणून मी निघाले. शिडीच्या मागे कॅरिअरवर बसले. चाळिशीची बाई लेकीच्या मागे सायकलवर बसून शाळेला निघाली म्हणून पुलावरच्या गुराख्यानं दात काढले. “काढ काढ,” मी म्हटलं, “तुला तर कुणी गाढवावरसुद्धा बसवणार नाही!” शिडी हसली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पूल संपल्यावर आठ किलोमीटरवर पाण्याची टाकी आहे. तिथं रस्ता फुटतो. डावीकडे शाळा. उजवीकडे थोडं आत फळं निवडायची शेड आहे, टाकीपासूनच दिसते. पूर्वी शेडचा ट्रक आमच्या गावात यायचा, बाया आणि पोरं भरून न्यायचा. पूल खचला तसा तो बंद झाला होता.

“थांब,” मी म्हटलं.

“आई, उशीर होतोय.”

“थांब म्हणते ना!”

शेडच्या तारेच्या कुंपणाला सायकली टेकवल्या होत्या. निळं मडगार्ड, लाल हँडल. मोठं चाक, लहान चाक. गोणपाटाची गादी. अकरा सायकली. एकेकीचं भंगार मी स्वतःच्या हातानं गाडीवर चढवलं होतं, मला लांबूनसुद्धा चुकणार नव्हतं.

“कधीपासून?” मी विचारलं.

शिडी एक पाय जमिनीला टेकवून उभी होती. मागं वळली नाही. “पहिल्या आठवड्यात सगळे वर्गात होते. मग शेडच्या मुकादमानं निरोप धाडला, ज्यांच्याकडे सायकल असेल त्यांनी या.”

“आणि तू घरात बोलली नाहीस?”

“बाबांना कळलं असतं.”

शाळेत मी सही केली. वर्गाच्या खिडकीतून बघितलं. आमच्या गावाच्या बाकांवर तीन पोरं होती.

परत आल्यावर मी चप्पलसुद्धा न काढता शेजारणीकडे गेले. ती भट्टीवरून नुकतीच आली होती, केसांत राख, पाय पाण्यात सोडून बसली होती. मी तोंड सोडलं. जनाची नाही तर मनाची ठेव, म्हटलं. माझा नवरा यार्डात मरमर मरून वर तुमच्या पोरांसाठी हाडं झिजवतो, ती काय शेडवाल्याची भर करायला? तिनं सगळं ऐकून घेतलं.

“पोरानं स्वतः ठरवलं,” ती म्हणाली. “मी नाही म्हटलं नाही, हे खरं. तुझ्या नवऱ्याचे उपकार आहेत बाई. त्या सायकलमुळं माझी चूल दोन वेळा पेटते. देवाशप्पथ, मी रोज त्यांचं नाव घेते.”

ती हे मनापासून म्हणत होती. टोमणा असता तर मी परतवला असता. मी घरी आले आणि भांडी आपटत बसले.

यांना मी सांगितलं नाही, मास्तरांना सांगितलं. वाटलं, शिकलेला माणूस आहे, काहीतरी वाट काढेल. मास्तर तडक गोठ्यात गेले आणि मी त्यांच्या मागे.

“मिस्त्री, अकरा सायकली परत घ्यायच्या. आजच्या आज.”

हे एक फ्रेम घासत होते. मास्तरांनी सगळं सांगितलं तरी यांचा हात थांबला नाही, पण हळू झाला.

“ज्यानं जोडली त्याची, मास्तर.”

“अहो, आपण शाळेसाठी दिल्या होत्या!”

“तसं आपण बोललो नव्हतो. कुठं न्यायची हे त्याचं त्यानं बघायचं.”

“मग आपण काय केलं ते कळतंय का तुम्हाला? ट्रक बंद होता तोवर पोरं निदान घरी तरी होती. शेडला जायची सोय आपण करून दिली. तुम्ही आणि मी!”

यांनी घासायचा कागद खाली ठेवला. “मी दिलेली वस्तू मागायला कुणाच्या दारात जाणार नाही,” एवढंच बोलले. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी काय करू? लग्न करताना मी त्या मामीला विचारायला हवं होतं.

मास्तर त्या दिवसापासून गोठ्यात आले नाहीत. किल्ली मात्र यांच्याकडेच ठेवली. सकाळी उजाडताना पोरं हवा भरायला यायची. पूर्वी दंगा असायचा, आता खाली मान घालून उभी राहायची. हे काही विचारायचे नाहीत. चेन सैल असेल तर घट्ट करायचे, ब्रेकचं रबर बदलायचे. गप्प्याची बोटं फळांच्या चिकानं काळी पडून सोलवटली होती. यांनी त्याच्या हँडलच्या मुठींना जुन्या ट्यूबची मऊ पट्टी गुंडाळून दिली. तो ‘येतो’ म्हणाला आणि गेला. तेवढंच बोलला, ज्याचं तोंड कधी मिटत नव्हतं तो.

मला वाटलं आता तरी गोठ्याला कुलूप लागेल. पण यांनी उलट आणखी सायकली जोडायला काढल्या. सातवीत चार पोरं आहेत, म्हणाले, ती पुढच्या वर्षी शाळेला जातील. “ती तरी जातील.” यार्डात दिवसभर घासायचं आणि वर इथं. डोळे लाल, हाताला कंप. मी रागावून बघितलं, गोड बोलून बघितलं. शेवटी हात टेकले.

पंधराव्या सायकलचं मागचं चाक होतं. रिम जुनी, स्पोक गंजलेले. आऊट काढायला हे वाकून, चाकाला नाक लावल्यासारखे बघत होते आणि पाव फेऱ्याऐवजी जास्त आवळलं गेलं. स्पोक तुटला आणि उडाला. मी डबा घेऊन दारातच होते. मला वाटलं, यांनी डोळ्यातला घाम पुसायला हात वर नेला. मग बोटांमधून रक्त आलं.

पुलापर्यंत हातगाडीवर नेलं, त्याच हातगाडीवर. मास्तर ऐकून धावत आले होते, त्यांनीच पलीकडे कुणाची तरी जीप थांबवली. आठ दिवस आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात काढले. डॉक्टरांनी उजवा डोळा वाचणार नाही म्हणून सांगितलं तेव्हा यांनी विचारलं, “डाव्यानं आऊट दिसेल का?” डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं आणि मी बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून रडले.

घरी आल्यावर हे यार्डात जाऊन आले. एका डोळ्याच्या माणसाला यंत्रावर उभं करता येत नाही, असं कंत्राटदार म्हणाला. वाईट वाटलं म्हणे त्याला. हे परत आले आणि कॉटवर भिंतीकडे तोंड करून झोपले. ते दिवसचे दिवस तसेच. गोठ्यात सकाळी पोरं यायची, त्यांना तेवढी हवा शिडी भरून द्यायची आणि मग शाळेला जायची.

धान्याचे डबे रिकामे झाले. शेजारणीनं दोनदा पीठ आणून दिलं. जिला मी तोंडाला येईल ते बोलले होते, तिचंच पीठ मी मळलं.

एक दिवस मी चालत शेडला गेले. कुणाला सांगितलं नाही. आठ किलोमीटर जाईपर्यंत मनात घोळवत होते, काय बोलायचं, किती वाकायचं. मुकादम खुर्चीवर बसला होता. त्यानं मला हात पुढं करायला सांगितलं. मी दोन्ही हात पुढं केले. त्यानं बोट न लावता बघितले, बाजारात वांगी बघतात तसे.

“बोटं जाड झाली बाई. फळाला नख लागतं. आणि एवढं चालत येऊन दिवसभर उभी राहशील का तू?” मग म्हणाला, “मिस्त्रीची ना तू? तुझी ती उंच पोरगी शाळेत जाताना दिसते. तिला वरच्या फळीवरचं काम देता येईल. सायकल आहे तिच्याकडे. या आठवड्यात सांग, नंतर जागा भरतील.”

परतीच्या वाटेवर मला पाय दुखल्याचं कळलंच नाही. पुलावर मात्र बसले. कितीतरी वेळ बसले.

रविवारी मी शिडीचे केस विंचरत होते. समोरासमोर बोलायची माझी छाती झाली नसती, म्हणून मागून बोलले.

“उद्यापासून टाकीपाशी उजवीकडे वळ.”

तिच्या मानेची शीर ताठ झाली. मी फणी तशीच धरून बसले.

“सहामाही परीक्षा तीन आठवड्यांवर आहे,” ती म्हणाली. “त्यानंतर गेले तर?”

“तोवर जागा राहणार नाही.”

आतल्या खोलीतून यांच्या खोकल्याचा आवाज आला.

“बाबांना काय सांगायचं?” तिनं हळूच विचारलं.

“शाळेचाच गणवेश घालून जा. जुने कपडे दप्तरात घाल.”

माझ्या तोंडातून हे किती सहज आलं! शेजारणीला मी ज्या शब्दांत सोलून काढलं होतं ते सगळे शब्द मला आठवले, एकही विसरले नव्हते. शिडीनं मान खाली घातली आणि म्हणाली, “वेणी घट्ट घाल. तिथं केस सुटलेले चालत नाहीत.” म्हणजे पोरीनं आधीच चौकशी करून ठेवली होती. मी काय सांगणार हे तिला माझ्या आधी कळलं होतं.

सोमवारी सकाळी ती गणवेश घालून, दप्तर पाठीला लावून अंगणात आली. मी डबा दिला. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. सायकल भिंतीपासून काढली, एवढ्यात दार वाजलं. हे उठून बाहेर आले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. डोळ्यावर पट्टी, दाढी वाढलेली, हातानं भिंत चाचपत.

“थांब, शिडी.”

हे सायकलपाशी गेले आणि गुडघ्यांवर बसले. मागचं चाक उचलून फिरवलं, पण त्याकडे बघितलं नाही. कान लावून ऐकलं. मग पुढचा टायर अंगठ्यानं दाबला, मग मागचा.

“हवा जास्त आहे,” म्हणाले.

“कालच भरली, बाबा. शाळेच्या रस्त्याला एवढी लागते, तुम्हीच सांगितलं होतं.”

“डांबरी रस्त्याला लागते.” यांनी व्हॉल्व्हचा नट ढिला केला. “टाकीपासून उजवीकडे खडी आहे. टणक चाक खडीवर उडतं, पडशील.”

हवा सुटल्याचा आवाज झाला. शिडीनं हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं आणि तिच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. यांनी नट आवळला, टायर पुन्हा अंगठ्यानं दाबून बघितला, पुढच्या चाकाचीही तेवढीच हवा काढली.

“आता बरोबर आहे,” ते म्हणाले. “जा.”